वेढ्यात सापडलेले सैनिक पडद्यावर मेलेच पाहिजेत का?

ओसरीवरचा
रविवारी दुपारी टीव्हीवर पुन्हा एकदा 'बॉर्डर' लागला होता. वडील लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना हा सिनेमा पाठ आहे आणि आवाजही मोठा लागतो, त्यामुळे तेवढा वेळ घरात दुसरं काही करता येत नाही. शेवटी ती प्रेतं दिसायला लागल्यावर अकरा वर्षांच्या भाच्यानं विचारलं, "आजोबा, लोंगेवालाला आपले खरंच एवढे गेले?"

"दोन," वडील म्हणाले.

"फक्त दोन?"

पोराचा चक्क हिरमोड झाला होता. तो 'फक्त' काही माझ्या डोक्यातून जात नाहीये.

राजस्थानच्या सीमेवरचं लोंगेवाला ठाणं, तिथं मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाबची कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, समोर पाकिस्तानी रणगाडे. मागं हटायची मुभा होती, तरी ते ठाण मांडून बसले. उजाडल्यावर जैसलमेरहून वायुदलाची हंटर विमानं आली. एवढ्यात दोनच माणसं गमावणं हा सेनानायकाचा पराक्रम म्हणायचा, की सिनेमाच्या दृष्टीनं कमीपणा? सुनील शेट्टीनं ज्यांचं काम केलं ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंह राठोड सिनेमात हुतात्मा होतात. प्रत्यक्षात ते २०२२ पर्यंत हयात होते. जिवंत माणसाला मारल्याशिवाय त्याचा सन्मान करता येत नाही का आपल्याला?

तिरकस तात्या
सिनेमा म्हणजे युद्धाचा अहवाल नव्हे हो. लोंगेवाला हे एका युद्धाचं प्रतीक आहे. १९७१ मध्ये इतर आघाड्यांवर हजारो जवान गेले, त्यांचं मरण दिग्दर्शकानं या एका ठाण्यावर आणून दाखवलं. त्यात बिघडलं काय? तीन तास बघून 'सगळे सुखरूप' असं कळलं तर लोक म्हणतील, मग एवढा आरडाओरडा कशासाठी होता?

ओसरीवरचा
तात्या, तुमचं शेवटचं वाक्यच माझी तक्रार आहे. हंटरला रात्री उडता येत नव्हतं. म्हणजे गोष्ट सगळी उजाडण्याची वाट बघण्याची. तारेचं कुंपण बघून सुरुंग पेरलेत असं समजून रणगाडे थबकले होते. त्या तारेत पाऊण तासाचा थरार आहे. पण तार मरत नाही ना, म्हणून ती कोणाला नको.

मिरज मेल
ओसरीवरचा यांना पूर्ण अनुमोदन. माझं उदाहरण परदेशातलं आहे. सप्टेंबर १९६१, काँगोतला कटांगा प्रांत, जादोतविल गाव. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतली आयरिश कंपनी, दीडशेच्या वर पोरं, बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच गोळीबार ऐकलेला. कमांडंट पॅट क्विनलन यांनी वेळेत खंदक खणून घेतले म्हणून निभावलं. कितीतरी पट मोठ्या फौजेनं वेढलेलं, वरून एक विमान मारा करतंय. सुटकेला निघालेली तुकडी पूल ओलांडू शकली नाही. शेवटी पाणी संपलं. हेलिकॉप्टरनं थोडं आणलं, पण ते इंधनाच्या डब्यांतून आलेलं, पिण्याजोगं नव्हतं. दारूगोळाही संपत आला, मग त्यांनी शस्त्रं ठेवली. पाच जखमी, मेलं कोणी नाही.

घरी परतल्यावर काय मिळालं? शरणागतीचा डाग. क्विनलन १९९७ मध्ये गेले आणि सरकारी चौकशीनं त्यांना निर्दोष ठरवलं २००४ मध्ये. सिनेमा आला २०१६ मध्ये. आठ-दहा पोरं मेली असती तर पुतळे लगेच उभे राहिले असते.

खिंडकरी
जादोतविल ठीक आहे, पण म्हणून मरणाला नाटकीपणा ठरवू नका. १८ नोव्हेंबर १९६२, चीनशी युद्ध, लडाखमधली रेझांग ला खिंड. १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग. मध्ये डोंगर, त्यामुळे मागच्या तोफखान्याची मदतही नाही. एकशेवीसच्या आसपास माणसं, त्यातली शंभराहून अधिक तिथंच राहिली. हे कोण्या पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ चा, म्हणजे जखम ओली असतानाचा. लडाखात वेढली गेलेली तुकडी, आणि सिनेमा विजयाची बात न करता संपतो. तिथं मरण खोटं वाटतं का तुम्हाला? आणि आपल्याकडची घोडखिंड पावन झाली ती बाजीप्रभू पडले म्हणून.

मिरज मेल
बाजीप्रभूंनी खिंड लढवली कशासाठी? महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडावर पोचावेत म्हणून. निसटणं हेच उद्दिष्ट होतं. गनिमी काव्याच्या मुलखात मागं हटण्याची लाज कधीपासून वाटायला लागली?

खिंडकरी
उद्दिष्ट निसटण्याचं, किंमत मरणाची. लोक किंमत लक्षात ठेवतात, आणि ठेवावीच.

वाचाळ वैदर्भी
तुम्ही सगळे 'आपले किती मेले' यातच अडकले आहात बाप्पा. माझा आक्षेप वेगळा आहे. वेढ्याच्या सिनेमात कॅमेराही वेढ्यात बसतो, म्हणून बाहेरचे सगळे बिनचेहऱ्याचे. शत्रूचं सोडा, सोडवणाऱ्याचंही तेच. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत अडकलेल्या अमेरिकनांना बाहेर काढायला मलेशियाची चिलखती वाहनं आणि पाकिस्तानी रणगाडे गेले, एक मलेशियन सैनिक त्यात मेला. त्यावरच्या 'ब्लॅक हॉक डाउन' सिनेमात त्यांच्या वाट्याला किती मिनिटं आली ते मोजा. आणि सोमाली? मेले शेकड्यांनी, पण नाव असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

तिरकस तात्या
म्हणजे आता शत्रूचीही कुंडली मांडायची?

वाचाळ वैदर्भी
शत्रूची नाही, पाणी देणाऱ्याची तरी मांडा. २००५ मध्ये अफगाणिस्तानच्या कुनार भागात चार अमेरिकन सील्स (नौदलाचे कमांडो) घेरले गेले, एकच वाचला. त्याला घरात घेतलं महंमद गुलाब नावाच्या पश्तून गावकऱ्यानं, पाहुण्याला शत्रूच्या हाती द्यायचं नाही या रिवाजापायी. 'लोन सर्व्हायवर'मध्ये हे आहे, नाही असं नाही. पण तेवढ्यानं भागत नाही म्हणून शेवटी गावातच एक मोठी लढाई घुसडली, जी झालीच नव्हती. गावानं ठाम नकार दिला आणि माणूस वाचला, हे पुरेसं नव्हतं का? इथं मात्र माझं ओसरीवरचा यांच्याशी जुळतं.

तिरकस तात्या
बरं, एक मान्य करतो. भैरोंसिंहांचं मला ठाऊक नव्हतं. स्वतः हुतात्मा झालेलं पंचवीस वर्षं टीव्हीवर बघत बसायचं, हे अवघडच. पण माझा मुद्दा कायम आहे. जिवंत परतण्यावर चांगला सिनेमा काढून दाखवा, तिकीट मी काढतो.

मिरज मेल
तात्या, तो विषय आपल्या घरातला आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई पाडलं गेलं, ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडली, पेशावरची बस पकडली आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथं त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला. नकाशावर ते स्टेशन होतं, पण गाडी जायची बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. लोकांना संशय आला आणि सरहद्द हाकेच्या अंतरावर असताना तिघं पकडले गेले. वर्षअखेरीस तिघंही परतले. कोणी मेलं नाही. यावर चित्रपट आलेलाही आहे, पण 'बॉर्डर'च्या शंभराव्या हिश्श्यानंही लोकांनी पाहिला नसेल.

ओसरीवरचा
काल रात्री भाच्याला हीच गोष्ट सांगितली. स्टेशनच नव्हतं म्हटल्यावर तो इतका हसला, की वडील आतून विचारत आले काय झालं म्हणून. मग ते पलंगावर बसून नकाशात लंडी कोतल शोधायला लागले, चष्मा कपाळावर आणि भिंग हातात. पोराचा एकच प्रश्न राहिला आहे: भिंत फोडताना पडणारी माती ते रोज कुठं लपवत होते? कोणाला ठाऊक असेल तर सांगा, आज पुन्हा विचारणार आहे तो.