प्रश्न फाईलचा नाही, पाया कुठला धरला याचा आहे

या चर्चेत वर दोघांनी म्हटलंय की सबफोल्डरमधून टार्गेट_सोर्सेस (टार्गेटला, म्हणजे तयार करायच्या प्रोग्रॅमला किंवा लायब्ररीला, सोर्स फाईल जोडणारी आज्ञा) वापरून जोडलेली फाईल सीमेक या बिल्ड करणाऱ्या साधनाला सापडत नाही, आणि उपाय म्हणून सगळीकडे पूर्ण पाथ लिहावा. चालेल, पण त्याआधी प्रोजेक्टच्या मुख्य फाईलमधली पहिली ओळ बघा, जिथे सीमेकची किमान आवृत्ती लिहिलेली असते.

सीमेक ३.१३ च्या आधी टार्गेट_सोर्सेसमधला रिलेटिव्ह पाथ (कुठल्यातरी फोल्डरच्या, म्हणजे पायाच्या, संदर्भाने लिहिलेला अर्धा पत्ता) जसाच्या तसा साठवला जायचा. पुढे तो मोजला जायचा ज्या फोल्डरमध्ये टार्गेट तयार झालं तिथून, तुम्ही ओळ जिथे लिहिली तिथून नव्हे. ३.१३ मध्ये सीएमपी००७६ ही पॉलिसी (जुनी की नवी वागणूक हे ठरवणारी सेटिंग) आली आणि पाथ लिहिल्या जागेवरूनच पूर्ण करून घेतला जाऊ लागला. गंमत अशी, की मशीनवर अगदी ताजं सीमेक असलं तरी किमान आवृत्ती ३.१० लिहिली असेल आणि पॉलिसी वेगळी चालू केली नसेल, तर वागणूक जुनीच! आकडा ३.१३ करा, म्हणजे बहुतेक वेळा काम होतं. मात्र जनरेटर एक्स्प्रेशनने (बिल्ड फाईली तयार होताना किंमत ठरणाऱ्या मजकुराने) सुरू होणारा पाथ तेव्हाही बदलला जात नाही, तिथे सीमेक_करंट_सोर्स_डिर (सध्याच्या सोर्स फोल्डरचा पूर्ण पाथ देणारं व्हेरिएबल) स्वतः लावावा लागतो.

तुलनेसाठी साधं मेक हे जुनं बिल्ड साधन बघा: तिथे पाया म्हणजे मेक ज्या फोल्डरमध्ये चालतंय ते. दुसऱ्या फोल्डरमधली मेकफाईल इन्क्लूड केली तरी पाया हलत नाही. मला सीमेकची नवी रीत जास्त पटते. फोल्डर हलवला की त्यातल्या फाईलींची यादीही सोबत हलते.