साठ हजारांत तयार गेमिंग पीसी : तुम्ही काय पाहून घेतलात?

माझ्या मुलीची बारावी नुकतीच संपली. दोन वर्षं तिने एकही गेम मागितला नाही, आणि परीक्षा झाली की पीसी घेऊ असा मी शब्द दिला होता. मॉनिटर सोडून साठ हजार जमवलेत. सुटे भाग आणून जोडणं मला जमणार नाही, त्यामुळे दुकानातून जोडून मिळणाराच घ्यायचा आहे. शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरले. तिन्ही कोटेशनांवर सारखंच लिहिलंय: आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॅबिनेट. किमतीत मात्र बारा हजारांचा फरक! तो फरक कशाचा, हे विचारायलासुद्धा मला शब्द सुचले नाहीत. तिला व्हॅलोरंट आणि एल्डन रिंग खेळायचंय. ज्यांनी असा तयार पीसी घेतलाय त्यांनी चुकलेलं आणि साधलेलं, दोन्ही सांगा.

नाशिक

आधी प्रोसेसरचा पूर्ण आकडा विचारा. धाकट्या भावासाठी मी 'आय सेव्हन, १६ जीबी' एवढं वाचून चोवीस हजारांत पीसी उचलला. घरी उघडून पाहिलं तर आय सेव्हन ३७७०, म्हणजे २०१२ सालचा. मदरबोर्ड कोरा करकरीत, त्यावर जुना प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, ज्याचा उपयोग फक्त चित्र दिसण्यापुरता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. भाऊ मला काही बोलला नाही. त्याने पीसी लावणंच सोडलं, ते जास्त लागलं. सुरुवातीचे अंक पिढी सांगतात: ३७७० तिसरी, १२४०० बारावी.

पुणे

ताई, मी पंधरा वर्षं दुरुस्ती करतोय. एकच गोष्ट कळकळीने सांगतो: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा. कोटेशनवर त्याची वेगळी ओळ बहुधा नसतेच, 'कॅबिनेट विथ ४५० वॅट' असं एका दमात उरकलेलं असतं. त्या डब्यावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात, त्यांना बाराने गुणा. गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या एका '४५० वॅट'वर १८ अँपिअर होते. म्हणजे २१६ वॅट. गेमिंग पीसीतला खरा भार, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, याच १२ व्होल्टवर असतो. आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट लागतात. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात, पण ताण आला की ७६ पर्यंत जातो. झाले २०८. पंखे आणि मदरबोर्ड अजून धरलेलेच नाहीत.

साध्या कामात काही जाणवत नाही. गेम ऐन रंगात आला की पीसी फटकन बंद. गिऱ्हाइकाला वाटतं विंडोज बिघडलं, तो फॉरमॅट मारून घेतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. ज्या पोराचा तो '४५० वॅट' होता, त्याच्या बाबतीत तेच झालं, आणि शेवटी एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला), ५०० ते ५५० वॅटचा मागा आणि मॉडेलचं नाव कोटेशनवर लिहून घ्या. दीड-दोन हजार वाढतील. ते रंगीत दिव्यांच्या पंख्यांतून वाचवा.

कोल्हापूर

आमचं आपलं छोटंसं. रायझन ५ ५६००जी, ज्यात स्वतःचं साधं ग्राफिक्स असतं, आणि वर वेगळं ग्राफिक्स कार्ड, असा पीसी घेतला. चार महिने गेम अडकत अडकत चालायचा. मामेभाऊ दिवाळीला आला, त्यानं मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, "दादा, केबल चुकीच्या जागी लावलीस की!" एचडीएमआय मदरबोर्डाच्या खाचेत होती, कार्डाच्या नाही. चार महिने कार्ड नुसतं बसून. केबल खालच्या आडव्या खाचांत लावायची.

नागपूर

इकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हणून मी फक्त हवेबद्दल लिहितो. माझ्या कॅबिनेटला समोरून अख्खी काच होती. दिसायला फार सुरेख, पण आत हवा शिरायला बोटभर फट. दुपारी गेम सुरू केला की वीस मिनिटांत फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कोसळायच्या. म्हणून पीसी कूलरच्या झोतासमोर ठेवला, आणि ही चूक कृपा करून कुणी करू नका: त्या ओल्या हवेने पावसाळ्याआधीच स्क्रूंना गंज धरला. शेवटी समोर जाळी असलेलं कॅबिनेट घेतलं. दर पंधरा दिवसांनी जाळीवरची धूळ ब्रशने काढतो.

पुण्यात परतलेला

न्यू जर्सीहून येताना तिथे घेतलेला पीसी सामानात आणला. त्याच्या एसएमपीएसवर मागे छोटं लाल बटण होतं, ११५ आणि २३० व्होल्ट लिहिलेलं. ते अमेरिकेतल्या विजेसाठीच्या ११५ वरच राहिलं. प्लग लावला, धाडकन आवाज आणि जळका वास. हल्लीचे बरेच एसएमपीएस स्वतःच जुळवून घेतात, पण लाल बटण दिसलं तर आधी ते बघा.

चिपळूण

मी पार्सलने मागवला. खोका उघडण्यापासून पहिल्यांदा सुरू होईपर्यंत सगळं मोबाइलवर सलग चित्रित केलं. आत ग्राफिक्स कार्ड हलू नये म्हणून फोम भरलेला असतो, तो काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दुसरं, प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर मागा. माझं कार्ड दीड वर्षाने गेलं, तोवर ते दुकान बंद पडलं होतं. बिलावर नंबर होता म्हणून कार्डाच्या कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरने बदलून दिलं. पावसाळ्यात लाइट जाते तिथे यूपीएसचाही हिशेब धरा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो.

छत्रपती संभाजीनगर

इंजिनिअरिंगला आहे, गेल्या वर्षी याच बजेटमध्ये घेतला. काकू, 'आरटीएक्स ३०५०' म्हणाले तर किती जीबीचं ते विचारा. ६ जीबीचं कार्ड ८ जीबीपेक्षा नुसत्या मेमरीत कमी नाही, त्यात कोअरही, म्हणजे हिशेब करणारे भाग, कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४. नाव मात्र तेच. या पैशांत मी आरएक्स ६६०० घेतलं, दोन्हींपेक्षा वेगवान आहे. रॅम १६ जीबीची एक पट्टी देतात, ८-८ च्या दोन मागा. एल्डन रिंग ६० फ्रेमच्या वर जातच नाही, त्यामुळे १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर फक्त व्हॅलोरंटसाठी उपयोगी. घेतलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडा, माझा महिनाभर ६० वरच होता.

पुन्हा मी, मुंबई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सगळं वहीत लिहून पुन्हा गेले. पहिल्या दुकानदाराने एसएमपीएसचं नाव लिहायला नकार दिला. दुसऱ्याचं कार्ड ६ जीबीचं निघालं. तिसऱ्याने वही मागून घेतली, सगळं वाचलं आणि नवं कोटेशन लिहायला बसला: रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, ८-८ च्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एसएसडी, ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. रॅमचे भाव चढलेत म्हणून बेरीज त्रेसष्ट हजारांवर गेली. तीन हजार लेकीने स्वतःच्या साठवणीतून काढले, मी नको म्हणत असताना. सिरीयल नंबर बिलावर आहेत. गुरुवारी पीसी घरी येतोय. केबल खालच्या खाचेत लावायची हे तिने कागदावर लिहून टेबलाला चिकटवलंय.