मदत हवी आहे: जाग येते, पण अंग हलत नाही

गेले ४ महिने आठवड्यातून २-३ वेळा स्लीप पॅरालिसिस होतोय. पहाटे डोळे उघडतात, खोली स्पष्ट दिसते, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि तो सैलपणा जाण्याआधीच मेंदू जागा होतो, हे कारण ठाऊक आहे. त्या क्षणी मात्र हे ज्ञान काडीच्या कामाचं नाही! उताणं झोपणं सोडल्यावर जरा कमी झालं, पण जागरण झालं की पुन्हा तेच. आता झोपायचीच धास्ती वाटते. दिवसाही पेंग येते, म्हणून नार्कोलेप्सीची (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) शंका येतेय. कुणी स्लीप स्टडी (झोपेत असताना होणारी तपासणी) केली आहे का? आणि पॅरालिसिसमधून लवकर बाहेर यायला तुम्ही नेमकं काय करता?