पल्सर १५० वर लेह-लडाख: श्रीनगरकडून जावं का मनालीकडून?

औश्याचा_गडी:
राम राम मंडळी. लई दिवसांपासून लडाख डोक्यात घुसलंय आन यंदा घरून पण हो आलंय (म्हणजे आईनं नाही म्हणलं नाही, एवढंच). गाडी जुनी पल्सर १५०, कार्बोरेटरवाली, पण इंजिन ठणठणीत. मित्र म्हणायलेत की ही गाडी खारदुंगला (लेहजवळची उंच खिंड) चढणारच नाही, बुलेट नाहीतर हिमालयन पाहिजे. खरंय का हे? दुसरं म्हणजे टायमिंग. जूनमध्ये पेरणी, मग कोळपणी-फवारणी, आन दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन काढणी, म्हणजे मी मोकळा पोळ्यानंतरच. तवा तिकडचे रस्ते चालू असतेत का? मनालीकडून जावं का श्रीनगरकडून? आन पेट्रोलचे वीस लिटरचे कॅन बांधून न्यावे लागतेत म्हणे?

गोदाकाठ_नांदेड:
पोळ्यानंतर म्हणजे सप्टेंबर, याहून चांगला महिना नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला दरडी कोसळत असतात. सप्टेंबरात पाऊस सरतो, बर्फ वितळणं कमी झालेलं असतं म्हणून नाल्यांना पाणी पण कमी. फक्त रात्री थंडी मजबूत. तसं लेहमध्ये वर्षाकाठी पाऊस १०० मिलीमीटरच्या आसपासच पडतो, आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत म्हणून रडतो, ते तर अख्ख्या हिमालयाच्या मागं बसलेत.

रूटचं म्हणशील तर जाताना श्रीनगर, येताना मनाली. उलटं करू नको. कारण गाडी नाही, तुझं शरीर. आपली माणसं पाच-सहाशे मीटरवर राहणारी, आपल्याकडं म्हैसमाळला हजार मीटर झाले की थंड हवेचं ठिकाण म्हणतो. श्रीनगरकडून झोजिला (‘ला’ म्हणजे खिंड) साधारण ३,५०० मीटर, पण तो ओलांडून रात्री झोपायला कारगिलला खाली येतोस, २,७०० ला. मग फोटुला ४,१०८, तो त्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच, आन परत लेहला ३,५००. मनालीकडून मात्र बारालाचा ४,८०० च्या वर, पुढं लाचुलुंगला, तांगलांगला ५,३०० च्या वर, आन मधी मुक्कामाला बहुतेक जण सरचूला थांबतेत, ते स्वतःच ४,२०० च्या पुढं. रात्रभर डोकं ठणकतं, उलट्या होतेत, झोप नाही आन सकाळी तसंच गाडीवर बसायचं. मनालीकडूनच जायचं असंल तर मुक्काम जिस्पाला कर, सरचूला नको.

लेहला पोचलास की दोन दिवस गाडीला हात लावू नको, पाणी पी, दारू बंद. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी आपल्या डॉक्टरला विचारूनच घे, सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यानं तर नक्कीच विचारावं. आन बसल्याजागी दम लागला, खोकला वाढला, चालताना तोल जायला लागला तर फोटो-बिटो सोड आन लगेच खाली उतर. तिथं मर्दानगी दाखवणारे लई भेटतेत.

स्पॅनर_जालना:
गाडीचं मी सांगतो. चढते. फक्त तिच्याकडून काय मागायचं ते समजून घे. खारदुंगलाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो, म्हणजे तुझ्या १४ बीएचपीमधले सात-आठच हाताशी राहतेत. त्यात कार्बोरेटर पेट्रोल खालच्याच हिशोबानं देणार, हवा कमी, म्हणून मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त, हवा कमी), गाडी काळा धूर मारती, स्लो पकडत नाही, प्लग काळा पडतो. एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) गाडी सेन्सरवर हे बरंचसं आपोआप सांभाळून घेती, तुझ्या गाडीला स्लोचा स्क्रू थोडा वाढवावा लागंल. नवा प्लग आन एक जादा प्लग ठेव, एअर फिल्टर बदलून जा. चढाला पहिल्या-दुसऱ्यात हळूहळू जाऊ दे, क्लच अर्धा दाबून रेस करत बसू नको, प्लेटा जळतेत. क्लच आन अ‍ॅक्सिलेटरची वायर जादा घे. मागं माणूस बसवू नको, सामान पण निम्मं कर, १५० ला खरा फरक त्यानं पडतो.

पेट्रोल: मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ अशी पाटी होती, तिचे फोटो बघून लोक घाबरतेत. तुझी टाकी १५ लिटरची, चढाला अ‍ॅव्हरेज पडून ३५ मिळालं तरी पाचशेच्या वर जातोस. पाच लिटर जादा ठेव, बस. वीस लिटर बांधून गाडी कशाला मारतो राव.

आन खारदुंगलाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, पाटीसोबत फोटो काढ, पण जीपीएसनं मोजलेली उंची १७,५८२ फूट आहे. गावात सांगताना कोणता आकडा सांगायचा ते तुझं तू ठरव.

मोंढा_परभणी:
घरून गाडी चालवत जाऊ नको असं माझं मत. एमपी, राजस्थान, पंजाब सगळा सपाट हायवे, जाताना चार दिवस आन येताना चार दिवस नुसते कमरेचे हाल. नांदेड नाहीतर परभणीहून सचखंड एक्सप्रेसला गाडी पार्सल टाक, अमृतसरला उतरव, तिथून जम्मू दोनशेच्या आसपास. टाकी पूर्ण रिकामी करावी लागती, आरसी आन आधारची झेरॉक्स लागती, पॅकिंग बारदानात करून घे, आरसे काढूनच दे. गाडी तुझ्याच ट्रेननं येईल याची खात्री नसती, म्हणून एक दिवस आधी टाक. आन सचखंडला लंगर मिळतो वाटंत, डबा सोबत ठेव फक्त.

गोदाकाठ_नांदेड:
पार्सल ठीक, पण मला तर घरून निघणंच आवडतं, त्याशिवाय गेल्यासारखं वाटत नाही. असो, ज्याची त्याची कंबर. एक राहिलं, आपलं इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आन लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घे, नाहीतर आई इकडं फोन लावून लावून गाव गोळा करंल.

औश्याचा_गडी:
लई धन्यवाद सगळ्यांना. श्रीनगरकडून जायचं पक्कं केलं. स्पॅनर भाऊ, चेन-स्प्रॉकेटनं बरंच रनिंग केलंय, बदलूनच निघू का?

स्पॅनर_जालना:
बदल. सेट पूर्ण बदल, नुसती चेन नको. आन ब्रेक शू पण, येताना उतार किती आहे ते बघितलं का?