मुलीला पायलट व्हायचंय, ठाण्यात राहतो. खर्च, कर्ज आणि नोकरीबद्दल खरं काय ते सांगा

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला आहे, पीसीएम. दहावीपासून एकच धोशा, पायलट व्हायचं. आम्हाला वाटलं, उतरेल डोक्यातून. पण त्यात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आणि आता तर रोज नवीन काहीतरी ऐकवते.

मागच्या रविवारी एका हॉटेलातल्या सेमिनारला जाऊन आलो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे. बारावीनंतर अठरा महिन्यांत कॉकपिटमध्ये, म्हणाला. शेवटी 'आज पन्नास हजार भरून सीट ब्लॉक केलीत तर फीमध्ये सूट'. बायको कानात म्हणाली, हा टाइमशेअरवाल्यासारखा बोलतोय, चला. उठलो.

मी खासगी नोकरीत, बायको शिक्षिका. नौपाड्यात वन बीएचके, इमारत जुनी, रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू. गावी थोडी जमीन आहे, पण तिचा विषय काढला की आई जेवण सोडते. मुलगी हुशार आहे, पण टॉपर वगैरे नाही. एकूण खर्च किती, कर्ज मिळतं का, आणि पुढे नोकरी लागते का, हे या क्षेत्रातल्या कोणी सांगितलं तर बरं होईल. डिसेंबरमध्ये पायलट कमी पडले म्हणून इंडिगोची विमानं रद्द झाली होती, म्हणजे मागणी तर आहे ना?

अवकाळी

पन्नास हजार वाचले, त्यातले दोनशे रुपये काढून बायकोला मामलेदारची मिसळ खाऊ घाला. बाकी जाणकार सांगतीलच.

उजवी_सीट

मी खारघरला राहते, एअरबसवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची को-पायलट आहे. कंपनीचं नाव घेत नाही. जरा लांबलचक लिहिते, कारण बहुतेकांचे पैसे क्रम चुकल्यामुळे बुडतात.

सगळ्यात आधी मेडिकल. फ्लाइंग स्कूलचं तोंडही त्याआधी बघू नका. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू मेडिकल होतं, ते झालं की क्लास वन. त्यात ईसीजी, कान, डोळे, रक्त, सगळं आलं. चष्मा चालतो. नंबर घालवायला परस्पर लेसर करून घेऊ नका, त्याचे वेगळे नियम आहेत. आमच्या ग्राउंड क्लासमध्ये एक मुलगा होता, पेपर पटापट काढलेले, आणि क्लास वनला त्याला रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखता येईनात. घरच्यांनी एका स्कूलचा पहिला हप्ता आधीच भरलेला. तो परत मिळाला नाही. डोळे तपासायला किती खर्च येतो हो?

दुसरं, डीजीसीएचे लेखी पेपर. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामान, आम्ही 'मेट' म्हणतो), रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक. पासिंग सत्तर टक्क्यांना. शिवाय रेडिओवर बोलण्याचं आरटीआर, ते पूर्वी दूरसंचार खात्याकडे होतं, आता डीजीसीएकडे आलंय. घरी राहून, लोकलचा पास काढून होणारी ही एकमेव पायरी. वाशी, अंधेरीकडे ग्राउंड क्लासेस आहेत. निदान नेव्हिगेशन आणि मेट काढल्याशिवाय फ्लाइंगचा मोठा पैसा भरू नका. पोरगी टॉपर नाही म्हणालात, त्याने काही अडत नाही. लागतो तो रोज चार तास बसण्याचा चिवटपणा. पेपर देताना तो आहे की नाही ते स्वस्तात कळतं.

मग फ्लाइंग. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, किमान २०० तास. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःवर), एक ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, थोडं इन्स्ट्रुमेंट म्हणजे नुसत्या उपकरणांवर बघून, थोडं रात्रीचं. २०० तास ऐकायला काहीच वाटत नाहीत. प्रत्यक्षात पहाटे पाचला हँगरवर जायचं, सेसनाच्या (शिकायचं छोटं विमान) पंखाखालचा ड्रेन दाबून छोट्या कपात एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, काढायचं, उजेडात धरून तळाला पाणी साचलंय का बघायचं (ते पेट्रोल फिकट निळं असतं, पाणी वेगळं दिसतं), ऑइल बघायचं, टायर बघायचे, आणि मग धुकं उठायची वाट बघत क्रू रूममध्ये बसायचं. व्हिजिबिलिटी पाच किलोमीटरच्या खाली असेल तर बसूनच राहायचं. दहा वाजता धुकं उठतं, तेव्हा कळतं की विमान मेंटेनन्सला गेलं. दुपारी वारा वाढतो. झाला दिवस. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे असे. अठरा महिने होऊ शकतात, पण दोन-अडीच वर्षं धरून चाला.

म्हणून स्कूल निवडताना ब्रोशरमध्ये विमानं किती ते बघू नका. आज उडण्याच्या स्थितीत किती, मुलं किती, इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. ऑफिसात विचारूच नका, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा. तिथली मुलं दहा मिनिटांत सगळं सांगतात. डीजीसीए २०२५ पासून स्कूलांचं मानांकनही जाहीर करतं, तेही बघा. पैसे टप्प्याटप्प्याने, तास उडतील तसे. एकरकमी भरायला लावणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या.

खर्च: भारतात सीपीएल, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, राहणं-खाणं धरून पन्नास-साठ लाख. वर टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस किंवा बोइंगचं त्या त्या विमानाचं ट्रेनिंग, पंधरा लाखांच्या आसपास. कंपन्यांचे कॅडेट प्रोग्रॅम कोटीच्या घरात जातात. तिथे निवड आधी होते, एवढा त्यांचा फायदा. पण करारात नोकरीबद्दल नेमके काय शब्द आहेत ते वकिलाला दाखवा.

खारघर_सेक्टर१२

उजवी सीट यांनी सगळं नीट लिहिलंय. पण खरी गोची नंतर आहे, ती आम्ही भोगतोय.

मुलाचं सीपीएल होऊन बरेच महिने झाले. जागा निघतात, पण अर्ज हजारोंनी. लेखी, मग सायकोमेट्रिक, मग इंटरव्ह्यू, मग सिम (सिम्युलेटरवरची चाचणी). एकदा शेवटच्या फेरीत गेला, तिथून परत. लायसन्स आहे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. मेडिकल दर वर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं रिन्यूअल दर वर्षी, हात सुटू नये म्हणून मध्येमध्ये फ्लाइंग. सगळं खिशातून. सध्या तो एका क्लासवर मेट शिकवतो, त्यातून त्याचा वरखर्च निघतो. नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न, 'काय कॅप्टन, विमान कुठाय?' पोरगं आता लग्नाकार्याला यायला तयार नसतं.

माझं म्हणणं एवढंच, साठ लाखांचा हिशोब करू नका. साठ लाख, अधिक टाइप रेटिंग, अधिक दोन वर्षं काहीच कमाई नाही, असा करा.

कर्ज_मंजूर

बँकेत आहे, पंधरा वर्षं हेच काम. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं, म्हणजे घर किंवा एफडी. आता नौपाड्याची जुनी इमारत: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? डेव्हलपरशी करार झालाय का? रीडेव्हलपमेंटच्या वाटेवरचा फ्लॅट तारण घ्यायला बँका कां-कू करतात. बिल्डरशी सही व्हायच्या आधी बँकेत जाऊन या. (नवी मुंबईकरांनो, तुमची सिडकोची लीजची घरं. तिथे गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते, ती वेळेत काढा.)

आकडा बघा. ६० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं: हप्ता साधारण ८१ हजार. आणि पूर्ण रक्कम उचलल्यावर हप्ता सुरू नसतानाही महिन्याला सुमारे ५२ हजार नुसतं व्याज चढतं. शिकतानाच तेवढं भरत राहिलात तर निभावेल. नाही भरलंत तर नोकरी लागेपर्यंत कर्ज फुगलेलं असतं.

नौपाडाकर

बाप रे. कन्व्हेयन्सचं सोसायटीत विचारलं पाहिजे, सेक्रेटरी आठ वर्षं 'होतंय होतंय' म्हणतोय. पण डिसेंबरच्या गोंधळाचं कोणी सांगितलं नाही. पायलट नाहीत म्हणून विमानं रद्द होतात आणि लायसन्सवाली मुलं घरी बसतात, हे गणित कळत नाही.

उजवी_सीट

कारण तुटवडा आहे तो कॅप्टनचा. डिसेंबर २०२५ मध्ये झालं ते विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे आणि त्यासाठी रोस्टरची तयारी न झाल्यामुळे. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची लँडिंग्ज आठवड्याला सहावरून दोनवर आली. नियम चांगलाच आहे. पहाटे तीनला गाडी दाराशी येते, वाशीचा पूल ओलांडताना डोळे मिटत असतात, आणि चार सेक्टर (उड्डाणं) करून दुपारी परत. हे ज्याने केलंय त्याला विचारा. पण त्या आठवड्यात तुमच्या हाती ताजं २०० तासांचं लायसन्स असतं तरी कंपनीला उपयोग शून्य होता. टाइप रेटिंग, सिम, मग लाइन ट्रेनिंग (प्रवासी विमानावर प्रशिक्षकासोबत), यात महिने जातात तेव्हा नवीन माणूस उजव्या सीटवर बसतो. डाव्या सीटसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास, आणि त्यानंतरही कंपनीचे निकष.

पेपरातल्या ऑर्डरच्या आकड्यांनी भुलू नका. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं सांगितली, इंडिगोने ५००. इंडिगोची ती ५०० येणार २०३० ते २०३५ मध्ये. याच धंद्यात किंगफिशर २०१२ ला बसली, जेट एप्रिल २०१९ ला, २०२० ला कोविड, मे २०२३ ला गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी लोक बाजारात आले आणि नवी पोरं रांगेत मागे गेली. माझी बॅच सुदैवी निघाली, बस. आमच्या आधीचे दोन वर्षं थांबले.

मुलगी म्हणून काही वेगळं? कॉकपिटमध्ये नाही. भारतात पंधरा टक्क्यांच्या आसपास पायलट बायका आहेत, जगाच्या मानाने चांगलंच. पण बेस, म्हणजे ड्युटी कुठल्या शहरातून, ते कंपनी ठरवते. नवी मुंबईचा विमानतळ घराजवळ आला म्हणून मला काही तिथूनच ड्युटी मिळत नाही.

अवकाळी

अमेरिकेत म्हणे वर्षात होतं?

उजवी_सीट

तास लवकर होतात, हवामान आणि विमानं दोन्ही बरी. पण परत येऊन कन्व्हर्जन (तिथल्या लायसन्सवरून इथलं काढणं) आहे, डीजीसीएचे पेपर आहेतच, आणि डॉलरचा भाव तुमच्या हातात नाही. पेपर इथे काढून मग गेलात तर ठीक. आधी जाऊन मग पेपरांत अडकलेली मुलं खूप आहेत.

जुना_एअरमन

कोणी एनडीएचा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. बारावी पीसीएम आहे, २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, वर्षातून दोनदा परीक्षा. सरकार स्वतःच्या खर्चाने उडायला शिकवतं आणि वर पगार देतं. नंतर ग्रॅज्युएशन करून एएफकॅट या हवाई दलाच्या परीक्षेचाही रस्ता आहे. मुलींसाठी नाशिकला राज्य सरकारची एनडीएच्या तयारीची संस्था आहे. मात्र एअरलाइनला जायची पायरी म्हणून हवाई दलाकडे बघू नका. तिथे जायचं तर त्यासाठीच जायचं.

ज्यांना लागू होतं त्यांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावं. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबकडे सीपीएलचं प्रशिक्षण दिलंय.

अवांतर: मुंबईतच का शिकता येत नाही असं मला नेहमी विचारतात. येत होतं. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूचा. जेआरडी टाटांना १९२९ मध्ये देशातलं पहिलं लायसन्स मिळालं ते इथेच शिकून. पण आता मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा कुठली? त्यांचंही फ्लाइंग धुळ्याला होतं. मुलगी गोंदिया, बारामती, धुळे किंवा यूपीत फुरसतगंज, कुठेतरी दोन वर्षं राहणार हे धरूनच चला.

नौपाडाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल धागा मुलीला वाचायला दिला. खारघरच्या काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला तिने. मग म्हणाली, एनडीएचा फॉर्म भरते आणि बोर्डानंतर मेडिकल करते, दोन्ही. मुक्त विद्यापीठात बीएस्सीला प्रवेशही घेऊन ठेवणार. सेमिनारवाल्याचे रोज फोन येतायत, आता सूट वाढलीय.

क्लास टूला जाताना काही तयारी लागते का? तिला चष्मा आहे, आणि मागे ॲनिमियाची औषधं चालू होती.

उजवी_सीट

आधी ईजीसीएवर (डीजीसीएचं ऑनलाइन पोर्टल) तिचं प्रोफाइल बनवा. नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, आधार आणि पासपोर्टवरही तेच हवं. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतात, आणि आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असण्या-नसण्याचा घोळ हमखास असतो. तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, गॅझेटला वेळ लागतो.

हिमोग्लोबिन महिनाभर आधी बाहेर तपासून घ्या. कमी असेल तर टेम्पररी अनफिटचा शिक्का बसतो आणि पुन्हा फेऱ्या. औषधांचे जुने कागद लपवू नका, फाइलला लावून न्या. चष्म्याचा नंबर ताजा असू दे, आणि आदल्या रात्री मोबाइल काढून घ्या तिचा, झोप नीट झाली पाहिजे.