पर्वतीच्या पायऱ्या आणि रनिंग एकाच आठवड्यात कसं बसवावं? (सातारा हिल हाफची तयारी)

नमस्कार मंडळी,

यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. २१ किमी, त्यात पहिला निम्मा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला चढायचा आणि मग त्याच रस्त्याने खाली यायचं. माझं आत्तापर्यंतचं सगळं पळणं पुण्यात सपाटीवरच झालंय, १० किमी आरामात होतात, वय ४३, बीपी शुगर काही नाही. पर्वती घराजवळ आहे म्हणून आठवड्यातून दोनदा पायऱ्या सुरू केल्यात, पण आता पायऱ्या आणि रनिंग दोन्हीचं वेळापत्रक काही जमेना.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना माहितीये की तो बिल्डिंगचा जिना नाही. रुंद दगडी पायऱ्या, एका पावलात पुढची गाठावी तर ढांग मोठी होते आणि दोन पावलं टाकावीत तर तुकतुक होतं, त्यामुळे पळायची लय लागतच नाही आणि लक्ष दिलं नाही तर दर वेळी उजवाच पाय वर जातो, डावा नुसता मागून येतो. आता मी मुद्दाम एका फेरीला उजवा, पुढच्या फेरीला डावा असं करते.

चढायचा त्रास काहीच नाही. धाप लागते, मांड्या भरून येतात, पण पाय आपटत नाही त्यामुळे गुडघ्याला बरंच वाटतं. खरी अडचण उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन तोलून धरतो, म्हणून दुखतं ते त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि नेमका तेव्हाच माझा रविवारचा लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) येतो. पायऱ्या गुरुवारी आणि शनिवारी असतात, कारण बाकीचे दिवस मुलांच्या शाळेमुळे सकाळी बाहेर पडता येत नाही.

तर प्रश्न असे:

पायऱ्या आणि रनिंग एकाच दिवशी करावं का, आणि केलं तर आधी काय? आधी पळून मग पायऱ्या केल्या तर थकलेल्या पायांनी चढायची सवय होईल असं मला वाटतं, पण मग उतरायचंही थकलेल्या पायांनीच, त्याची भीती वाटते.

आमच्या बिल्डिंगला ११ मजले आहेत, जिन्याने चढून लिफ्टने खाली येता येतं. म्हणजे गुडघे वाचतील, पण साताऱ्याला परतीची वाट अख्खी उताराचीच आहे, तिथे लिफ्ट कुठून आणायची? उतरायची सवय केलीच नाही तर शेवटच्या किलोमीटर्सना मांड्या सोडून देतील ना?

आणि पावसात पर्वतीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा तुम्ही लोक काय करता? रेस ऐन पावसाळ्यात असते, त्यामुळे पाऊस थांबायची वाट बघून चालणार नाही.

ज्यांनी सातारा केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मनापासून वाचेन.

प्रतिसाद

ताई, पहिलं म्हणजे शनिवारच्या पायऱ्या बंद करा. लाँग रनच्या आदल्या दिवशी उतरणं नकोच. गुरुवारी आधी ३-४ किमी हळू पळा, अंग तापू द्या आणि मग पायऱ्या, त्या दिवशी बाकी काही नको. शुक्रवारी पूर्ण विश्रांती.

दुसरं, जिना आणि घाट एकसारखे नाहीत. जिन्याचा चढ खूप उभा, घाटाचा रस्ता त्या मानाने बराच सौम्य पण संपतच नाही. पायऱ्यांनी मांड्यांत ताकद येईल पण तासभर सलग चढत राहायची सवय रस्त्यावरच होते, म्हणून दोन आठवड्यांतून एकदा रविवारी पुण्याजवळचा बोपदेव घाट घ्या. पहाटे लवकर जा, गाड्या वाढायच्या आत. चढताना श्वास फुलला तर बिनधास्त चाला, साताऱ्याला खूप जण चालतात.

लिफ्टचं म्हणाल तर सुरुवातीला लिफ्टच घ्या आणि उतरणं थोडं थोडं वाढवा, आधी एकच फेरी उतरा, पुढच्या आठवड्यात दोन. स्नायूला उतरायची एकदा ओळख झाली की तेवढंच उतरल्यावर पुढच्या वेळी कमी दुखतं, पण एकदम जास्त केलं तर आठवडा वाया. घरी एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश जमिनीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, दोन्ही पायांनी. साधा व्यायाम आहे पण उताराला फार कामी येतो. घाट उतरताना लांब ढांगा टाकून ब्रेक मारत येऊ नका, पावलं छोटी आणि भराभर.

शेवाळ असेल तर पर्वती नको, सरळ बिल्डिंगचा जिना. त्यात काही कमीपणा नाही.

एक सांगा, दुखतं ते नक्की मांडीत की गुडघ्याच्या वाटीखाली? मांडी भरून येणं दोन-तीन दिवसांत जातं. वाटीखाली टोचत असेल, खुर्चीत बराच वेळ बसून उठताना पण दुखत असेल, तर उतरणं सगळं थांबवून आधी फिजिओला दाखवा, रेसला अजून वेळ आहे.