हाताने घडवलेल्या सुऱ्यांची छायाचित्रे: प्रकाशयोजना कशी करावी आणि संपादन कुठे थांबवावे?

ऐरण (प्रश्न)

नमस्कार. मी सुऱ्या हाताने घडवतो. ज्यांच्यासाठी घडवतो त्यांना त्या बहुतेक वेळा हातात घेऊन पाहता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा सगळा निर्णय छायाचित्रावर अवलंबून असतो. अडचण अशी की प्रत्यक्षात ज्या पात्यावर थरांची नक्षी, घासकामाच्या बारीक रेषा आणि धारेकडे जाणारा उतार लख्ख दिसतो, तेच पाते छायाचित्रात एक तर पांढरेफटक होते, नाही तर काळेठिक्कर पडते. पात्यासाठी उजेड जुळवला की गडद लाकडाची मूठ अंधारात बुडते, आणि मुठीसाठी वाढवला की पाते जळते. संपादनात काँट्रास्ट आणि क्लॅरिटी वाढवली की नक्षी उठते खरी, पण सुरी संगणकावर काढलेली वाटू लागते. माझ्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, ट्रायपॉड आणि दोन एलईडी दिवे आहेत. एवढ्या साधनांत प्रकाशयोजना कशी करावी, आणि संपादन नेमके कुठे थांबवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तिरपा उजेड

ऐरण, पांढरेफटक आणि काळेठिक्कर या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. घासून गुळगुळीत केलेले पोलाद स्वतःचे फारसे काही दाखवत नाही, समोर जे असेल ते परतवून दाखवते. आणि प्रकाश ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परततो, हा शाळेतला नियम पात्याला तंतोतंत लागू होतो. समोर उघडा दिवा असेल तर पात्यात दिव्याचा झगझगीत डाग दिसतो, अंधारी खोली असेल तर अंधार दिसतो. तेव्हा पात्यावर किती उजेड पडतो याचा विचार नंतर करावा, कॅमेऱ्याच्या जागेवरून पात्यात काय दिसते ते आधी पाहावे. त्याची रीत सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून डोळा लेन्सच्या शेजारी न्यावा आणि कोणाला तरी पांढरा पुठ्ठा सुरीभोवती हळूहळू फिरवायला सांगावा. एका ठरावीक जागी पुठ्ठा आला की पाते एकदम उजळते. प्रकाशाचा स्रोत तिथेच हवा, आणि तो एवढा मोठा हवा की टोकापासून मुठीपर्यंत पात्यात दुसरे काही दिसणारच नाही.

असा मोठा स्रोत घरच्या घरी तयार होतो. लाकडी चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवावा आणि दिवा त्याच्या मागे ठेवावा. दिवा कागदाला अगदी लागून असेल तर मधोमध प्रखर गोल आणि कडेला अंधार राहतो. थोडा मागे नेला की कागद सारखा उजळतो. मी मात्र तो पुरता सारखा होऊ देत नाही. दिवा किंचित एका बाजूला सरकवला की कागदावर उजेडाची उतरंड तयार होते आणि तीच पात्यात उतरते: पाठीकडे जरा गडद, धारेकडे उजळ. ही उतरंड नसेल तर उत्तम घडवलेले पातेसुद्धा कापलेल्या पत्र्यासारखे सपाट दिसते.

सुरी आडवी ठेवून बरोबर वरून छायाचित्र घेतले तर सपाट पात्यात कॅमेराच दिसतो. त्यासाठी पाठीखाली चिकट पुटीचा वाटाण्याएवढा गोळा दडवून पाते किंचित कलते करावे. पाते जेवढे कलते त्याच्या दुप्पट कोनाने प्रतिबिंब सरकते, त्यामुळे थोडासा कलही पुरतो.

आता काळ्या पुठ्ठ्याविषयी, कारण बहुतेक जण पांढऱ्यावरच थांबतात. पाते सगळीकडून उजळून टाकले की उताराची कड हरवते. सपाट भाग आणि धारेचा उतार या दोन पृष्ठभागांचा रोख वेगवेगळ्या दिशांना असतो. काळ्या पुठ्ठ्याची अरुंद पट्टी अशा जागी धरावी की ती त्या दोघांपैकी एकातच दिसेल. ज्या रेषेवर दोन्ही पृष्ठभाग मिळतात ती रेषा तत्क्षणी कोरून काढल्यागत उठते, आणि ती रेषा टोकापर्यंत सरळ नेण्यासाठी किती मेहनत लागते हे आपल्याला सांगायला नकोच. पोकळ घासलेल्या पात्याचा आतला बाक आजूबाजूचा बराच मोठा पट्टा गोळा करून दाखवतो, म्हणून तिथे कागद आणखी मोठा आणि सुरीच्या आणखी जवळ लागतो.

सॅटिन

वरच्या प्रतिसादात घासकामाच्या रेषांची भर घालतो. रेषांशी काटकोनात आलेला प्रकाश त्या रेषा उजळून दाखवतो, आणि रेषांच्याच दिशेने आलेला प्रकाश त्या दडवतो. लांबीच्या दिशेने ओढलेले सॅटिन, म्हणजे बारीक समांतर रेषांचे घासकाम, दाखवायचे असेल तर दिवा पाठीच्या बाजूला असावा. दिवा टोकाच्या बाजूला नेला की त्या रेषा शांत होतात, पण आधीच्या जाड घासकागदाचा एखादा आडवा ओरखडा राहून गेला असेल तर तो नेमका तेव्हा झळकतो. छायाचित्र घेण्याआधी मी दिवा मुद्दाम असा फिरवून पाहतो, आणि ओरखडा दिसला तर सुरी पुन्हा घासायला घेतो.

कॅमेऱ्याचे थोडक्यात सांगायचे तर आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ ते एफ ११, २ सेकंदांचा टायमर आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ माहिती). फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ १६ च्या पुढे गेल्यास विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडतात. टोकापासून मुठीपर्यंत सगळे रेखीव हवे असेल तर फोकस टप्प्याटप्प्याने सरकवून घेतलेल्या चौकटी नंतर जोडणे चांगले. लेन्स ८५ ते १०५ मिलिमीटरच्या दरम्यानची वापरावी आणि थोडे लांब उभे राहावे. रुंद कोनाच्या लेन्सने जवळून घेतलेल्या छायाचित्रात जवळचा भाग फुगतो, लांबचा आखडतो आणि सुरीचे प्रमाणच बदलते. मोबाइलने घेतानाही मुख्य लेन्सऐवजी टेलिफोटो लेन्स वापरावी, ती याच कारणासाठी.

सुरी पुसण्याकडे दुर्लक्ष करू नये. पाते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, नंतर सुती हातमोजे घालूनच ते हाताळावे, आणि शेवटची धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. कापडाने पुन्हा पुसले तर नवे धागे बसतात. कार्बन पोलादाच्या पात्यावरून या पुसण्यात तेलाचा थर निघून जातो, तेव्हा काम संपताच पुन्हा तेल लावावे.

आणखी एक. केवळ बाजूचे चित्र देऊ नये. टाचेकडून, म्हणजे धारेच्या मुठीजवळच्या टोकाकडून, धारेच्या रेषेत पाहणारे एक चित्र अवश्य द्यावे; पाठीपासून धारेपर्यंत जाडी कशी उतरत गेली आहे हे त्यातच दिसते, आणि सुरी कापायला कशी असेल याचा अंदाज जाणकार त्यावरूनच बांधतो.

ऐरण

दोघांचेही मनापासून आभार. पांढरा पुठ्ठा फिरवून पाहिला आणि साध्या पात्यांचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. आता दोन विशेष पाती उरतात. एक १०८४ आणि १५एन२० या पोलादांच्या थरांचे दमास्कस आहे. दुसऱ्याच्या पाठीला मातीचा लेप देऊन पाणी दिलेले आहे, त्यामुळे धारेजवळ नागमोडी रेषा उमटली आहे. दमास्कसची नक्षी कागदाच्या उजेडात छान दिसली, पण ती नागमोडी रेषा पूर्ण नाहीशी झाली. असे का व्हावे? आणि पोलरायझिंग फिल्टरचा काही उपयोग होईल का?

तिरपा उजेड

दोन्ही पात्यांत फरक दिसण्याचे कारण वेगवेगळे आहे, म्हणून उजेडही वेगळा लागतो. १५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असते. फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या द्रावणात बुडवल्यावर ते फारसे झिजत नाही आणि चकचकीत राहते, तर १०८४ चा थर खोल खाल्ला जाऊन काळवंडतो. पात्यात पांढरा कागद दिसत असेल तेव्हा चकचकीत थर तो कागद परतवतात आणि काळे थर तो गिळतात, म्हणून नक्षी ठसठशीत उठते. अंधार दिसत असेल तर दोन्ही थर काळेच दिसतात. एक्स्पोजर एवढेच ठेवावे की चकचकीत थर पूर्ण पांढऱ्याच्या जरासे खाली राहतील. हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला की थरांच्या कडा विरघळू लागतात.

नागमोडी रेषेच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे पोलाद एकच आहे. धारेकडे झटकन थंड झालेले कठीण मार्टेन्साइट आहे आणि पाठीकडे सावकाश थंड झालेले मऊ परलाइट, आणि पॉलिश केल्यावर ही दोन्ही प्रकाश थोडा वेगळा विखुरतात. हा विखुरण्यातला फरक मोठ्या पांढऱ्या प्रतिबिंबाखाली दबून जातो. तिथे खोली अंधारी करावी, एकच लहान दिवा घ्यावा आणि त्याचे थेट प्रतिबिंब लेन्सच्या अगदी शेजारून निसटेल अशा बेताने पाते कलते करावे. रेषा दुधी पट्ट्यासारखी वर येईल. योग्य कोन फार अरुंद असतो, तेव्हा केसाएवढे सरकवत धीराने शोधावा.

फिल्टरचा उपयोग मुठीसाठी आहे, पात्यासाठी नाही. उघड्या धातूवरून परतलेला प्रकाश फारसा ध्रुवित होत नसल्यामुळे, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंपत नसल्यामुळे, फिल्टर कितीही फिरवला तरी पात्याची चमक जात नाही. रेझिनच्या किंवा वॉर्निश केलेल्या मुठीवरची चमक मात्र जाते, विशेषतः पृष्ठभागाशी ३५ अंशांच्या आसपासच्या कोनातून पाहत असल्यास. दिव्यासमोरही ध्रुवक फिल्म लावली तर पात्याची चमकसुद्धा कमी करता येते, कारण धातू त्या प्रकाशाचे ध्रुवण बव्हंशी तसेच राखून परतवतो. पण ती पूर्ण घालवू नये; चमक गेलेले पोलाद पोलाद वाटत नाही.

कोरा कागद

संपादनाचा प्रश्न मागे राहिला होता, त्याविषयी लिहितो. माझ्या मते सीमा आखण्याचा नियम असा असावा: जे कापडाने किंवा हवेच्या झोताने निघाले असते ते संपादनात काढावे, जे काढण्यासाठी घासकागद किंवा पट्टा यंत्र चालवावे लागले असते ते तसेच राहू द्यावे. धुळीचा कण, बोटाचा ठसा, आधाराच्या पुटीची दिसणारी कड हे सगळे हीलिंग ब्रशने पुसण्यात काही गैर नाही. ओरखडा, थरांमध्ये राहिलेली फट, मूठ आणि बोल्स्टर (पाते व मूठ यांच्यामधला धातूचा तुकडा) यांच्यामधली बारीकशी चीर किंवा वाकडी गेलेली उताराची रेषा यांना हात लावू नये, कारण समोरचा माणूस पैसे मोजतो ते हातात येणाऱ्या सुरीसाठी.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लेन्सची विकृती दुरुस्त करावी, मग राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. खिडकीचा उजेड आणि दिवा एकत्र आले असतील तर पात्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर होते, आणि ते कोणत्याही एका आकड्याने सुधारत नाही. म्हणून छायाचित्र घेतानाच दोन्ही दिवे एकाच जातीचे ठेवून खिडकी झाकावी. पात्यावर मास्क लावून (बदल पात्यापुरताच ठेवून) सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, उतरवण्याचा सोपा उपाय अनेक जण सांगतात. साध्या चकचकीत पात्याला तो चालतो, पण वापराने चढलेली निळी-जांभळी छटा किंवा तापवून आणलेले रंग त्यात मरतात, आणि ते रंग खरे असतात.

क्लॅरिटीने सुरी खोटी का दिसते तेही पाहण्यासारखे आहे. ती पट्टी मधल्या छटांच्या कडांजवळचा फरक वाढवते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर पाठीच्या कडेला उजळ वलय उमटते, काळ्या थरांच्या बाजूला आणखी एक थर असल्याचा भास होतो आणि लाकडाचे रंध्र खड्ड्यांएवढे वाटू लागतात. चित्र १०० टक्के मोठे करून पाठीची कड पाहावी. वलय दिसले की पट्टी मागे घ्यावी. नक्षीसाठी पात्यापुरता मास्क आणि कर्व्हमधला हलका बाक एवढे पुरते, आणि प्रकाश बरोबर असेल तर तेवढ्याचीही गरज बहुधा पडत नाही.

पार्श्वभूमी कापून सुरी शुद्ध पांढऱ्यावर तरंगत ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. सुरीखालची सावली गेली की तिचे वजनच जाते. पार्श्वभूमी उजळ करायची असेल तर करावी, सावली ठेवावी.

ऐरण

नियम पटला. एकच शंका उरते: पात्यासाठी एक आणि मुठीसाठी एक अशी दोन एक्स्पोजर घेऊन जोडली, तर ते या नियमात बसते का?

कोरा कागद

बसते, कारण दोन्ही चित्रे त्याच सुरीची, त्याच जागेवरची आहेत. कॅमेरा आणि सुरी तिळमात्र हलवू नये, फोकस हाताने ठरवून ठेवावा, आणि मुठीच्या चित्राच्या वेळी फक्त शटरचा वेग बदलावा किंवा मुठीजवळ पांढरा पुठ्ठा आणावा. दोन्ही चित्रे थरांवर थर ठेवून मास्कची कड बोल्स्टरच्या कडेवरून न्यावी, म्हणजे जोड दिसत नाही. सबंध पितळी बोल्स्टर असेल तर तो कोणत्या तरी एकाच चित्रातून घ्यावा, अर्ध्यावर जोडल्यास त्यातली दोन वेगळी प्रतिबिंबे लगेच उघडी पडतात. शार्पनिंग सर्वांत शेवटी, चित्र हव्या त्या आकाराचे करून झाल्यावर करावे, आणि फाइल एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना चालणाऱ्या रंगमानकात काढावी, नाही तर दुसऱ्यांच्या पडद्यावर लाकडाचा रंग फिका पडू शकतो. पाठवण्याआधी सुरी पडद्याशेजारी धरून मुठीचा रंग एकदा ताडून पाहावा.